उशिरा आलेला फोटॉन हळू चालला, असं म्हणता येतं का?

परळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "निर्वात जागेत प्रकाशाचा वेग सगळ्या रंगांसाठी सारखाच असतो, असं आम्ही शिकवतो. पण २००९ साली एका गॅमा किरण स्फोटातला सर्वांत जास्त ऊर्जेचा फोटॉन (प्रकाशकण) सुरुवातीच्या फोटॉनांपेक्षा जवळजवळ सेकंदभर उशिरा आला, असं वाचलं. मग जास्त ऊर्जेचा प्रकाश हळू जातो हे सिद्ध झालं का? आणि तो तिथूनच उशिरा निघाला असेल, तर वेगाबद्दल कुणी काही कसं म्हणू शकतं? मुलांना यातलं काही इथे मुंबईत बसून करून पाहता येईल का?"

ताई, आधी छोटी उत्तरं देतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर असं की म्हणता येतं, पण एकाच बाजूनं. तिसऱ्याचं उत्तर हो, आणि जरूर करा. माझी नोकरीची बहुतेक वर्षं गॅमा किरणांच्या, म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जेच्या प्रकाशाच्या, नोंदी चाळण्यात गेली आहेत, आणि तुमचा दुसरा प्रश्न हाच या विषयाचा कणा आहे. तिथे जास्त वेळ थांबू.

मुळात असा संशय का यावा? लोलकातून जाताना जांभळा आणि तांबडा प्रकाश वेगळे होतात, कारण काचेत त्यांचे वेग वेगळे असतात. पोकळीत काच नाही, म्हणून तिथे सगळ्यांचा वेग एकच, सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर. १९०५ सालची आइनस्टाइनची सापेक्षता यावरच उभी आहे. पण गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत एकत्र आणायचा प्रयत्न केला की एक अतिसूक्ष्म लांबी पुढे येते, प्लांक लांबी. तिचं मान १.६ × १०चा उणे ३५वा घात इतके मीटर. त्या पातळीवर अवकाश गुळगुळीत नसून खळबळलेलं असेल, तर पोकळी स्वतःच एखाद्या माध्यमासारखी वागेल आणि जास्त ऊर्जेच्या, म्हणजे कमी तरंगलांबीच्या फोटॉनला ती खळबळ किंचित जास्त जाणवेल. हा परिणाम मोजण्यासाठी दूरचे गॅमा किरण स्फोट वापरावेत, असं अमेलिनो-कॅमेलिया, एलिस, माव्रोमाटोस, नानोपुलोस आणि सरकार या पाच जणांनी १९९८ साली 'नेचर'मध्ये मांडलं. आजही आम्ही बहुतेक त्याच वाटेनं चालतो.

त्यातलं गणित नववीच्या मुलांनाही झेपेल. वेगातला फरक फोटॉनची ऊर्जा भागिले एक प्रचंड मोठी ऊर्जा, या प्रमाणात असतो असं धरा. ती मोठी ऊर्जा बहुधा प्लांक ऊर्जेच्या आसपास असावी, असा अंदाज. प्लांक ऊर्जा १.२२ × १०चा १९वा घात जीईव्ही. जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा फोटॉन दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो, म्हणजे ३१ जीईव्हीचा फोटॉन त्याच्या सुमारे हजार कोटी पट ताकदीचा. तरीही ३१ला प्लांक ऊर्जेनं भागलं तर उरतं २.५ × १०चा उणे १८वा घात. वेगात एवढा फरक पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत दिसायचा नाही. पण प्रवासाचा काळ सात अब्ज वर्षांचा असेल, तर तो सेकंदांत सुमारे २.२ × १०चा १७वा घात होतो, आणि दोन्हींचा गुणाकार येतो अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. अर्धा सेकंद आम्हाला आरामात मोजता येतो. या विषयावर माझा जीव जडला तो या गुणाकारामुळे. ज्या लांबीपर्यंत कुठलंही यंत्र पोचू शकत नाही, तिच्याबद्दल विश्वाच्या अंतराच्या जोरावर प्रश्न विचारता येतो.

प्रत्यक्षात आणखी एक दुरुस्ती करावी लागते. फोटॉन वाटेत असताना विश्व प्रसरण पावत असतं. निघाला तेव्हा त्याची ऊर्जा आज मोजतो त्याहून जास्त होती, शिवाय सुरुवातीच्या वाटेत पडलेला मागेपुढेपणाही प्रसरणासोबत ताणला जातो. हे धरलं की वर आलेला अर्धा सेकंद जवळजवळ दुप्पट होतो. सुरुवातीच्या काळात या दुरुस्तीची वेगवेगळी सूत्रं वापरली जात. २००८ साली जेकब आणि पिरान यांनी ती नीट करून दाखवली, आणि तेव्हापासून बहुतेक जण तीच वापरतात.

आता तुमचा २००९चा फोटॉन. १० मे २००९, जागतिक वेळेनुसार मध्यरात्रीनंतर २२ मिनिटं आणि ५९.९७ सेकंद. मुंबईत तेव्हा रविवारची पहाट होती, सहाला सात मिनिटं कमी. नासाच्या फर्मी उपग्रहावरच्या स्फोटशोधक उपकरणानं इशारा दिला. हा जीआरबी ०९०५१० (जीआरबी म्हणजे इंग्रजीत गॅमा-रे बर्स्ट, पुढचे आकडे तारखेचे), लघु प्रकारचा स्फोट. असे स्फोट दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळण्यासारख्या घटनांतून होतात आणि दोन सेकंदांच्या आत आटोपतात. ज्या दीर्घिकेतून तो आला तिची ताम्रसृती (विश्वाच्या प्रसरणानं प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली, त्याचं माप) ०.९०३ निघाली, म्हणजे प्रकाश सात अब्जांहून जास्त वर्षं वाटेत होता. इशाऱ्यानंतर ०.८२९ सेकंदांनी फर्मीच्या मोठ्या दुर्बिणीत ३१ जीईव्हीचा एक फोटॉन शिरला.

ही दुर्बीण म्हणजे आरसा-भिंगांचं यंत्र नाही. एवढ्या ऊर्जेचा फोटॉन आरशावरून परावर्तित होत नाही, तो आरपार जातो. म्हणून टंगस्टनचे पातळ पत्रे एकावर एक रचलेले असतात. पत्र्यात फोटॉन नाहीसा होतो आणि त्याच्या जागी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. तिचा माग सिलिकॉनच्या पट्ट्यांवर उमटतो, त्यावरून दिशा कळते. खाली सिझियम आयोडाइडच्या स्फटिकांत जोडीची सगळी ऊर्जा जिरते, त्यावरून फोटॉनची ऊर्जा कळते. वेळेची नोंद सेकंदाच्या एक लाखांश भागापेक्षाही बारीक असते. थोडक्यात, वेळेत चूक नगण्य. ऊर्जेत मात्र चुकीला वाव आहे, आणि या फोटॉनची ऊर्जा खालच्या बाजूला २८ जीईव्हीपर्यंत असू शकते.

आता मुद्द्याचं. प्लांक ऊर्जा आणि ३१ जीईव्ही सूत्रात घातले, तर वाटेत होणारा उशीर येतो १.१ सेकंद. फोटॉनला कमीत कमी श्रेय देऊन २८ जीईव्ही धरले, तर १.०२ सेकंद. स्फोटाचा अगदी पहिला, बारीकसा उजेड इशाऱ्याच्या ३० मिलिसेकंद आधी आला होता. म्हणजे पहिल्या उजेडापासून आपल्या फोटॉनपर्यंत एकूण ०.८५९ सेकंद. हा उशीर वाटेत झाला की तिथेच निघताना झाला, हे आपल्याला माहीत नाही, आणि ते माहीत असायची गरजही नाही. स्फोट सुरू व्हायच्या आधी हा फोटॉन निघाला नाही, एवढं एकच गृहीत धरा. मग वाटेत त्यानं जास्तीत जास्त ०.८५९ सेकंद घालवले असतील, त्याहून जास्त नाही. सिद्धांत म्हणत होता, निदान १.०२. तेवढा उशीर झालेलाच नाही. म्हणून ती मोठी ऊर्जा प्लांक ऊर्जेच्या १.१९ पटीपेक्षा जास्त असली पाहिजे.

म्हणून पहिल्या प्रश्नाला मी नाही म्हटलं. बातम्यांत जो फोटॉन "उशिरा आला" म्हणून गाजला, त्याच्याबद्दल आमचं म्हणणं बरोबर उलट आहे: तो हवा तेवढा उशिरा आला नाही. उशिरा आलेला फोटॉन एकट्यानं काहीच सिद्ध करू शकत नाही, पण वेळेत आलेला फोटॉन एखादा सिद्धांत मोडू शकतो. ही एकतर्फी ताकद ज्याला कळली त्याला हा विषय कळला, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

तिथेच निघायला उशीर होतो का? होतो, आणि नेहमी होतो. जीईव्ही ऊर्जेचे फोटॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनांच्या मागून सुरू होतात, असं फर्मीनं पाहिलेल्या बऱ्याच स्फोटांत दिसतं. कारण बहुधा स्फोटाच्या पोटात आहे. द्रव्याचे झोत प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ धावत असतात. सुरुवातीला ते इतके दाट असतात की जास्त ऊर्जेचे फोटॉन एकमेकांवर आपटून नाहीसे होतात, झोत फाकला की मग सुटतात. किंवा ते फोटॉन झोत बाहेरच्या वायूवर आदळल्यावर तयार होतात, आणि तो टप्पाच नंतरचा. कमी ऊर्जेत याच्या नेमकं उलट दिसतं. क्ष-किरण आणि मऊ गॅमा किरणांच्या पट्ट्यात बहुतेक दीर्घ स्फोटांत जास्त ऊर्जेचा उजेड आधी येतो आणि कमी ऊर्जेचा मागून. म्हणजे स्फोटाच्या स्वभावातच दोन्ही दिशांचे उशीर आहेत, आणि त्यांची नेमकी बेरीज-वजाबाकी सांगणारा सिद्धांत आज आमच्याकडे नाही.

यातून बाहेर पडायची एक वाट आहे, ती म्हणजे अंतर. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला मागच्या गटातला धावपटू बंदूक वाजल्यावर बऱ्याच मिनिटांनी रेषा ओलांडतो. हा उशीर अर्ध्या मॅरेथॉनला आणि पूर्ण मॅरेथॉनला सारखाच राहतो. पण तो मुळातच संथ धावत असेल, तर पूर्ण मॅरेथॉनला त्याचा उशीर दुप्पट होतो. स्फोटांचंही तसंच: निघतानाचा उशीर आपलं अंतर बघून ठरत नाही, वाटेतला उशीर अंतरासोबत वाढतो. वेगवेगळ्या ताम्रसृतींचे बरेच स्फोट घ्या, उशीर आणि अंतर यांचा आलेख काढा, रेषेचा उतार म्हणजे वाटेतला परिणाम आणि अक्षावरचा छेद म्हणजे निघतानाचा. कागदावर सुंदर दिसतं.

प्रत्यक्षात मला या आलेखांबद्दल मनापासून धास्ती वाटते. प्रत्येक स्फोटाचा निघतानाचा उशीर वेगळा असतो, आणि ही पद्धत तो सगळ्यांना सारखा धरते. काही अभ्यासांत फर्मीच्या निरनिराळ्या स्फोटांतला एकेक बलाढ्य फोटॉन उचलून ठिपके मांडले, त्यांतले बरेचसे एका रेषेवर आले, आणि ३.६ × १०चा १७वा घात जीईव्ही अशी ऊर्जा निघाली. ती प्लांक ऊर्जेच्या सुमारे तिसाव्या भागाइतकी. ही खरी असती, तर १० मेचा आपला फोटॉन अर्ध्या मिनिटाहूनही उशिरा यायला हवा होता. तो पाऊण-एक सेकंदात आला. रेषा काढणाऱ्यांनी त्या स्फोटाचं काय करायचं याचं उत्तर द्यायला हवं, आणि मला पटेल असं उत्तर अजून वाचलेलं नाही. ठिपके मोजकेच असले की रेषा फार लवकर दिसायला लागते.

असा एक प्रसंग आधीही घडला होता. ९ जुलै २००५च्या रात्री ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणीनं मार्केरियन ५०१ या दीर्घिकेचा भडका पाहिला. तिथे १.२ टीईव्हीच्या वरचे फोटॉन पाव टीईव्हीच्या आसपासच्या फोटॉनांपेक्षा सुमारे चार मिनिटं मागे होते. एक टीईव्ही म्हणजे हजार जीईव्ही. चार मिनिटं! बरीच चर्चा झाली. पण ती दीर्घिका तुलनेनं जवळची, ताम्रसृती ०.०३४. २००६च्या जुलैत नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी पीकेएस २१५५-३०४ या त्याहून दूरच्या दीर्घिकेचा मोठा भडका पाहिला, तेव्हा तसा उशीर दिसला नाही. दूरच्या ठिकाणी जास्त दिसायला हवा होता, तिथे दिसलाच नाही, म्हणजे तो भडक्याच्या स्वभावातला. मॅरेथॉनचा नियम इथे चोख लागू पडला.

तुमच्या मनात आणखी एक शंका येईल म्हणून आधीच सांगतो. वाटेतल्या वायूमुळे प्रकाश मंदावत नाही का? रेडिओ लहरी मंदावतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर स्पंदक (ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणारे तारे) पाहणाऱ्यांना ही दुरुस्ती रोजच करावी लागते. कमी वारंवारतेची लहर मागे पडते, दूरच्या स्रोतासाठी काही सेकंदांनीसुद्धा. पण हा परिणाम वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंत वारंवारता अब्जावधी पटींनी वाढते, तेव्हा तो कुठल्याही घड्याळानं मोजता न येण्याइतका क्षुल्लक होतो. शिवाय त्याची दिशाही उलटी, तिथे कमी ऊर्जेवाला मागे राहतो.

या कामाला तीन गोष्टी लागतात: लांबचं अंतर, मोठी ऊर्जा आणि धारदार चमक. लोक पहिल्या दोन लक्षात ठेवतात, तिसरी विसरतात. १४ जानेवारी २०१९चा जीआरबी १९०११४सी घ्या. मॅजिक दुर्बिणी इशाऱ्यानंतर साधारण मिनिटभरात तिकडे वळल्या आणि त्यांनी टीईव्ही ऊर्जेचे फोटॉन पकडले. ३१ जीईव्हीच्या तुलनेत ऊर्जा तीस-चाळीस पट. तरी रेषीय, म्हणजे ऊर्जेच्या सरळ प्रमाणात वाढणाऱ्या, परिणामावरची मर्यादा आली प्लांक ऊर्जेच्या निम्म्याच्या आसपास, २००९च्या मर्यादेपेक्षा कमजोर. कारण त्यांना दिसला तो स्फोटानंतरचा उत्तरप्रकाश, आणि तो संथपणे ओसरत होता. ओसरणाऱ्या उजेडात फोटॉन दोन-चार सेकंद मागेपुढे सरकला तरी चित्र बदलत नाही. जीआरबी ०९०५१०मध्ये काही मिलिसेकंदांच्या टोकदार चमका होत्या. तिथे जरासुद्धा सरकासरकी झाली की टोकं बोथट होतात.

या बोथटपणावरच एक पद्धत उभी आहे, आणि मुलांना करायला देण्यासारखी तीच आहे. फर्मीच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. नासाच्या संकेतस्थळावरून त्या उतरवून घेता येतात. फाइलमध्ये प्रत्येक फोटॉनची एक ओळ असते: वेळ, ऊर्जा, आकाशातली दिशा, क्षितिजाशी संबंधित कोन वगैरे. वेळ १ जानेवारी २००१च्या मध्यरात्रीपासून मोजलेल्या सेकंदांत असते. आपल्या स्फोटाची वेळ त्या हिशेबात २६,३६,०७,७८१.९७ येते. हा आकडा मुलांना स्वतः काढायला सांगा. नुसते दिवस आणि सेकंद गुणले तर उत्तर दोन सेकंदांनी कमी येईल, कारण २००५ आणि २००८च्या अखेरीस घड्याळांत एकेक लीप सेकंद घातला होता. ज्या परीक्षेत सगळा निकाल एका सेकंदावर ठरतो, तिथे ते दोन सेकंद कुठून आले हे शोधण्यात मुलांची एक दुपार गेली तर ती सत्कारणी लागली असं समजा.

मग स्फोटाच्या दिशेचे फोटॉन वेगळे काढा, पृथ्वीच्या कडेकडून येणारे टाकून द्या. उरलेल्यांची वेळ एका रकान्यात, ऊर्जा दुसऱ्या रकान्यात. साध्या एक्सेलमध्ये जमतं. आता दर जीईव्हीला अमुक मिलिसेकंद उशीर होतो असं गृहीत धरा, समजा २० मिलिसेकंद, आणि प्रत्येक फोटॉनच्या वेळेतून त्याची ऊर्जा गुणिले २० वजा करा. एक जीईव्हीचा फोटॉन २० मिलिसेकंद आधीच्या वेळेला सरकेल, दहा जीईव्हीचा २०० मिलिसेकंद. नव्या वेळांचा स्तंभालेख काढा. गृहीत धरलेला आकडा खरा असेल, तर वाटेत विस्कटलेल्या चमका पुन्हा एकत्र येतील आणि आलेखाची टोकं सर्वांत उंच होतील. खोटा असेल, तर आपणच त्या विस्कटू. उणे ते अधिक असे बरेच आकडे घालून पाहा. जीआरबी ०९०५१०साठी टोकं सर्वांत धारदार होतात ती शून्याच्या आसपास. ९९ टक्के विश्वासानं सांगता येतं की दर जीईव्हीमागे ३० मिलिसेकंदांहून जास्त फरक नाही, उशीर असो वा घाई. प्लांक ऊर्जेनं सुमारे ३६ मिलिसेकंद मागितले असते. एकाच फोटॉनच्या भरवशावर काढलेली १.१९ पट आणि ही सगळ्या फोटॉनांच्या जोरावर काढलेली मर्यादा जवळजवळ सारखी येते, आणि दोन्ही वाटा वेगळ्या असल्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

एक पायरी मात्र गाळू देऊ नका. ऊर्जेचा रकाना पिसून टाका, म्हणजे कुणाचीही ऊर्जा कुणालाही, आणि तीच सगळी आकडेमोड पुन्हा करा. असं शंभरदा करा. पिसलेल्या फोटॉनांतही कधीकधी एखाद्या आकड्याला टोक धारदार दिसतं, ते निव्वळ योगायोगानं. योगायोग किती वेळा फसवू शकतो हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की खऱ्या नोंदींकडे पाहायची त्यांची नजर बदलते.

२००९नंतर याच स्फोटाच्या नोंदींवर २०१३ साली तीन वेगवेगळ्या पद्धती चालवून मर्यादा प्लांक ऊर्जेच्या ७.६ पटीपर्यंत नेली गेली. २००९च्या मूळ शोधनिबंधातही फोटॉन ०.५३ सेकंदांनी सुरू झालेल्या मुख्य चमकेसोबत निघाला असं मानून ३.४२ पट असा आकडा दिला होता. आकडा जितका मोठा, तितकी गृहीतकं जास्त. मला विचाराल तर मुलांना १.१९च शिकवा. त्यात कमीत कमी मागितलं आहे.

त्यानंतरची सर्वांत मोठी घटना ९ ऑक्टोबर २०२२ची. तो रविवार होता, आणि कोजागरी. संध्याकाळी, आपल्या घड्याळात ६ वाजून ४७ मिनिटांना, जीआरबी २२१००९एचा उजेड पृथ्वीवर पोचला. नोंदींच्या इतिहासातला हा सर्वांत तेजस्वी गॅमा किरण स्फोट. ताम्रसृती ०.१५१, प्रकाशाचा प्रवास सुमारे दोन अब्ज वर्षांचा. मॅजिक किंवा हेससारख्या दुर्बिणी वातावरणातली क्षणभराची निळसर चमक टिपतात, त्यांना काळोख लागतो, आणि त्या रात्री पौर्णिमा होती. त्यांना सुरुवातीचा काळ साधलाच नाही. चीनच्या सिच्वान प्रांतात ४४१० मीटर उंचीवर असलेल्या लासो वेधशाळेला मात्र चंद्राची अडचण नाही. तिथे ७८,००० चौरस मीटरचे पाण्याचे झाकलेले हौद आहेत. फोटॉनमुळे वातावरणात झालेला कणांचा वर्षाव त्या पाण्यात उतरतो आणि आतच चमकतो. स्फोट त्यांच्या डोक्यावरच्या आकाशात होता. पहिल्या ३००० सेकंदांत ०.२ टीईव्हीच्या वरचे ६४,०००हून जास्त फोटॉन नोंदले गेले. फर्मीच्या दुर्बिणीला जीआरबी ०९०५१०मधून ०.१ जीईव्हीच्या वरचे शे-दीडशे मिळाले होते.

इथेही टीईव्हीचा उजेड म्हणजे संथ चढून ओसरणारा उत्तरप्रकाश होता, टोकदार चमका नव्हत्या. तरी संख्येच्या जोरावर रेषीय परिणामासाठी प्लांक ऊर्जेच्या सुमारे १० पट अशी मर्यादा २०२४ साली छापून आली. दोन संपूर्ण वेगळी उपकरणं, एक अंतराळात आणि एक पाण्याच्या हौदांत, एक लघु स्फोट आणि एक दीर्घ, एक सात अब्ज वर्षांवरचा आणि एक दोन अब्जांवरचा, आणि दोघांचंही म्हणणं एकच. तुमच्या दुसऱ्या प्रश्नातली उरलीसुरली शंका इथे मिटते. एखाद्या स्फोटानं बलाढ्य फोटॉन इतरांच्या आधी सोडून वाटेतला उशीर झाकला असेल, असं एकदा मानता येईल. पण प्रत्येक स्फोटानं आपल्यापर्यंतचं अंतर मोजून नेमकी तेवढीच आघाडी द्यायची, हे कुणी मानणार नाही.

म्हणजे प्रकाशाचा वेग ऊर्जेवर अवलंबून नाही, हे सिद्ध झालं? तेवढं मोठं विधान करू नका. बाद झाला आहे तो एक विशिष्ट प्रकार, ज्यात फरक ऊर्जेच्या सरळ प्रमाणात वाढतो आणि त्याची पातळी प्लांक ऊर्जेएवढी आहे. फरक ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात असेल, तर परिस्थिती फार वेगळी आहे. १० टीईव्हीचा फोटॉन दोन अब्ज वर्षं चालून आला, तरी प्लांक पातळीवर त्याचा उशीर भरतो सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाहूनही कमी. कुठलाही स्फोट इतका टोकदार चमकत नाही. लासोची या प्रकारावरची मर्यादा प्लांक ऊर्जेच्या सुमारे ६ × १०चा उणे ८वा घात इतकीच आहे, आणि जगातली ती उत्तमांपैकी एक आहे. शिवाय क्वांटम गुरुत्वाचे सगळे सिद्धांत असा फरक सांगतच नाहीत. त्यामुळे "क्वांटम गुरुत्व खोटं ठरलं" असं शीर्षक दिसलं तर ते बाजूला ठेवा.

मुंबईचा यात वाटा काय, हेही मुलं विचारतील. २८ सप्टेंबर २०१५ला अंतराळात गेलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरचं सीझेडटीआय हे उपकरण कुलाब्याच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) पुढाकारानं घडलं. सुरू होताच, ६ ऑक्टोबर २०१५ला, त्यानं पहिला गॅमा किरण स्फोट टिपला, आणि २०२२पर्यंत ५००चा टप्पा गाठला. त्याची ऊर्जा काही शे हजार इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतच, म्हणून वरच्यासारखी वेगाची मर्यादा त्याच्याकडून मागू नये. पण ते गॅमा किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांची लहर कुठल्या दिशेनं कंप पावते ते, मोजू शकतं, आणि वेगातला फरक उजव्या-डाव्या ध्रुवीकरणानुसार असेल, तर दूरवरून येताना ध्रुवीकरण पुसलं गेलं पाहिजे. अशा प्रकारांवर ध्रुवीकरणाच्या मर्यादा वेळेच्या मर्यादांपेक्षा कितीतरी कडक असतात. अडचण एवढीच की स्फोटांचं ध्रुवीकरण खात्रीनं मोजणं अवघड आहे, फोटॉन फार थोडे मिळतात. दुसरीकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं लडाखमधल्या हानले इथे मेस ही २१ मीटर व्यासाची दुर्बीण उभारली आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४३०० मीटरवर. तिचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४मध्ये झालं. एखादा जवळचा, टोकदार स्फोट अमावास्येच्या आसपास तिच्या डोक्यावर झाला, तर आमच्यातल्या कितीतरी जणांची झोप उडेल, आणि ती उडावी अशी माझी फार इच्छा आहे.

वर्गात फळ्यावर मात्र दोन स्फोट शेजारी शेजारी मांडून घ्या. एक आपला १० मेचा. दुसरा १६ सप्टेंबर २००८चा, जीआरबी ०८०९१६सी: ताम्रसृती ४.३५, फोटॉन १३.२ जीईव्हीचा, इशाऱ्यानंतर १६.५ सेकंदांनी आलेला. अंतर कितीतरी जास्त, त्यामुळे मुलं आधी म्हणतील की इथे मर्यादा जास्त कडक येईल. प्लांक ऊर्जेला यात उशीर सुमारे दोन सेकंदांचा येतो, आणि हाताशी आहेत तब्बल साडेसोळा. भागाकार करू द्या. उत्तर प्लांक ऊर्जेच्या दहाव्या भागाच्या आसपास येईल, म्हणजे जवळच्या स्फोटापेक्षा दहापट कमजोर. असं का झालं, हे त्यांना लगेच सांगू नका. घरी विचार करून येऊ द्या, आणि एखाद्याचं उत्तर वेगळंच आलं तर मला जरूर कळवा.